शंभर होईपर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहायला घेतलं. हौस म्हणून नाही. रस्त्यावरच्या पोरांची तक्रार घेऊन वॉर्डाच्या कचेरीत गेलो, तर तिथला कारकून म्हणतो, "आजोबा, नुसतं 'त्रास होतो' म्हणून चालत नाही. तारीख, वेळ, काय झालं, सगळं लिहून आणा. महिनाभराची नोंद आणा, मग बघू." त्याला वाटलं असेल, म्हातारा कंटाळून घरी बसेल. त्याला काय माहीत, मी एकतीस वर्षं बस चालवली. रोज ड्युटी संपली की गाडीची नोंद लिहायची, मगच घरी. ब्रेक कसा लागतो, वायपर चालतो का, मागचं दार अडकतं का. ही वहीसुद्धा डेपोतलीच आहे. निवृत्तीच्या दिवशी दोन कोऱ्या उचलून आणल्या होत्या. चोरीच ती, पण आता कोण विचारतंय.

तर नोंद. ५.१०, चेंडू आमच्या फाटकावर. ५.२५, पुन्हा चेंडू. ५.४०, राज्य कुणावर यावरून भांडण, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. आणि रोज पाच वाजले की गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं रिकामं पिंप आडवं लावतात, गाड्या हळू याव्यात म्हणून. सार्वजनिक रस्ता की यांच्या बापाचं अंगण?

लपाछपीत ज्याच्यावर राज्य, तो आमच्याच खिडकीच्या गजांना कपाळ टेकून शंभरपर्यंत बोंबलतो. गल्लीत चौदा घरं, पण यांना सापडली ती आमचीच खिडकी. आणि त्या खिडकीला लागून बाईचा पलंग.

पहिल्याच पानावर भरकटलो. कचेरीत द्यायचं ते वेगळ्या कागदावर उतरवीन. ही वही माझ्यापुरती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाई म्हणजे माझी बायको. माझ्याच गाडीवर कंडक्टर होती. सगळे प्रवासी तिला 'बाई' म्हणायचे, मीही म्हणायचो, लग्नानंतर बदलायला जमलं नाही. सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिच्या तोंडाच्या पट्ट्याला भरगच्च गाडी वचकून असायची, ती आता 'अं' एवढंच म्हणते. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं, पण त्यांच्या हो-नाहीवर भरवसा ठेवू नका. हो म्हणायचं असेल तर मान नाही म्हणून हलेल."

रोज सकाळी आठला उजव्या हातात रबरी चेंडू देतो आणि म्हणतो, दाब. वीस वेळा. बोटं चेंडूवर नुसती पडून राहतात, धुतलेल्या हातमोज्यासारखी. मी माझ्या हाताने तिची बोटं दाबतो आणि शाबास म्हणतो. शाबास कुणाला म्हणतो देव जाणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज एकीला चांगलंच झापलं. समोरच्या वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीची पोरगी, नऊ वर्षांची. मी तिला मनात भोंगा म्हणतो. ती मोजायला लागली की डेपोची पाळी सुटल्यासारखं वाटतं.

"बोंबलून मोजायचं नाही. आत आजारी माणूस आहे," म्हटलं.

"मोजल्याशिवाय कसं खेळायचं, आजोबा?"

"मनात मोज."

"मनात मोजलं की सगळे म्हणतात मी चीटिंग करते. चाळीसनंतर एकदम ऐंशी म्हणते."

"म्हणतेस ना पण?"

"कधीकधी," म्हणाली. खोटं बोलत नाही, एवढं खरं. मग माझ्या कोपराखालून खिडकीत डोकावून म्हणते, "आजींना आवडतं आमचं खेळणं."

"असं तिनं तुला येऊन सांगितलं का?"

बोलती बंद केली तिची. घरात आल्यावर मात्र आपण काय बोललो ते ध्यानात आलं आणि बरं वाटलं नाही. बाई माझ्याकडे बघत होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झापण्याचा गुण आला म्हणायचा. तीन दिवस मोजणी ऐकू येत नाही. पोरं अजून खेळतात, पण शंभरची बोंब बंद.

आणि आज दुसरंच. पाचच्या सुमाराला मी मागे स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. पुढच्या खोलीतून आवाज यायला लागला, टक्, टक्, टक्. जाऊन बघतो तर बाईचा उजवा हात खिडकीच्या गजावर. उजवा! अंगठी गजावर आपटून आवाज होत होता. मी आलो तसा हात थांबला. खिडकीशी कुणी पोरगं होतं, मला पाहून धूम पळालं.

सप्टेंबरापासून जो हात हलला नाही तो हलला. उड्या माराव्यात की घाबरावं कळेना. तिच्या कपाळावर घाम होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही टक् टक्. बराच वेळ, न थांबता. मला आता कळलं ते काय आहे.

आमच्या गाडीत दोरीची घंटी होती. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. आणि सलग वाजत राहिली, तर असशील तिथे ब्रेक मार, काहीतरी भलतं घडतंय. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, त्याने घंटीवर विश्वास ठेवायचा. बाईच्या तोंडाला आता शब्द नाहीत, पण घंटी आहे, आणि ती सलग वाजवते आहे. बोंब बंद झाली तरी चेंडू आहे, पळापळ आहे, तिला सोसत नाहीये.

नोकरीभरात तिने सलग घंटी एकदाच मारली होती. ते इथे लिहीत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळ लावून बसलो. ५.१२ ला टकटक सुरू, ५.१४ ला बंद. लगेच बाहेर पोरांची पळापळ आणि किंचाळ्या. मग काही नाही. ५.२१ ला पुन्हा सुरू, पुन्हा दोनेक मिनिटं. अगदी एका लयीत. संध्याकाळभरात सहा वेळा. बिचारीचा जीव किती कासावीस होत असेल. माणूस सहा सहा वेळा ब्रेक मार म्हणून सांगतंय आणि मी भाजी चिरतोय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दर बुधवारी व्यायाम घ्यायला ती फिजिओची मुलगी येते. आज बाईने तिचं बोट धरलं आणि सोडेना. पोरगी एवढी हरखली! "काका, करता तरी काय तुम्ही? महिन्याभरात असा जोर येत नाही हो!"

मी म्हटलं, "रबरी चेंडू. सकाळी आठला, वीस वेळा. एक दिवस चुकवत नाही."

"तेच चालू ठेवा. काहीही बदलू नका. असंच राहिलं तर उन्हाळ्यात त्या स्वतःच्या हाताने जेवतील."

ती गेल्यावर मी आणि बाईने चहा घेतला. म्हणजे मी घेतला, तिला चमच्याने पाजला. स्वतःच्या हाताने जेवील! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. तिने डाव्या हाताने माझ्या गालाला हात लावला, मग खिडकीकडे बोट दाखवलं. मी खिडकी लावून घेतली. तिने पुन्हा बोट दाखवलं. आता हिला नेमकं काय हवं! शेवटी अर्धी उघडी ठेवली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

रस्त्यावरचा खेळ बंद करा म्हणून अर्ज लिहिलाय, त्यावर मी गल्लीत सह्या गोळा करतोय हे कुणीतरी पचकलं. शिंपीण दारात हजर, गळ्यात टेप तसाच.

"काका, आमच्या एका खोलीत मशीन आहे, पलंग आहे, गॅस आहे. पोरीने पाय पसरले तर माझ्या कापडावर पडतात. तिने खेळायचं कुठे?"

"बाग आहे की."

"बाग तीन मोठे रस्ते ओलांडून. नेणार कोण? मी गेले तर ब्लाउज कोण शिवणार, तुम्ही?"

मी म्हटलं, "गाडीखाली आलं एखादं, म्हणजे?"

"म्हणून तर पिंप लावतात. इथे त्यांना बघायला चौदा खिडक्या आहेत. चार वर्षांत एकालाही खरचटलं नाही." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हीही लहानपणी रस्त्यातच खेळला असाल ना हो?"

खेळलो होतो. पण तेव्हा रस्त्यात गाड्या नव्हत्या, माझ्यासारखे ड्रायव्हर नव्हते. हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, माझ्या बायकोला त्रास होतो. खाली मान घालून गेली. तिचं खोटं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मनात खुटखुट नको म्हणून बाईलाच विचारायचं ठरवलं. टकटक सुरू झाल्यावर पुढच्या खोलीत गेलो. "बाई, बंद करू का हे सगळं? पोरांचं खेळणं?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की बस्स. आणि अंगठी गजावर दणादण आपटली, सात-आठ वेळा, बोट लाल होईतो.

"कळलं," म्हटलं. "ब्रेक मारतो."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदा घरांतून नऊ सह्या. एकाला गाडीचा आरसा फुटण्याची भीती, एकाला दुपारची झोप हवी, एका बाईने तर काय लिहिलंय ते न वाचताच सही केली, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल" म्हणाली. शिंपिणीच्या दारात गेलो नाही. सह्या आणि नोंद कचेरीत दिली. कारकून पानं उलटत म्हणाला, "आजोबा, एवढी नीट नोंद आमच्याकडेसुद्धा नसते." छाती फुगली माझी.

५ मार्च, गुरुवार

बोर्ड लागला. 'या रस्त्यावर खेळण्यास मनाई आहे.' खाली कचेरीचं नाव. संध्याकाळी पाचच्या पुढे ट्रक आला आणि पिंपसुद्धा उचलून नेलं. पोरं खेळतच होती, ट्रक बघून पांगली. माणसाने पिंप ट्रकात फेकलं तेव्हा मोठा आवाज झाला. आत बाईची टकटक चालू होती ती मध्येच थांबली. दचकली असणार.

६ मार्च, शुक्रवार

काय शांतता! पाच वाजता भाजी टाकून बाईच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसलो. तिचा हात गजावर होता. पाच, सव्वापाच, साडेपाच. एकदाही वाजला नाही. सहाला तिने हात काढून मांडीवर ठेवला. जीव भांड्यात पडला माझा. ब्रेक लागला, गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही.

१० मार्च, मंगळवार

गल्लीतून गाड्या वाढल्यात. पिंप नाही, पोरं नाहीत, हमरस्त्याचा सिग्नल चुकवायला सोपी वाट. आज पाच ते सहा एकेचाळीस मोजल्या. जातात कशा, शर्यत लागल्यासारख्या. माझ्या हाताखाली असते तर एकेकाला खाली उतरवला असता.

११ मार्च, बुधवार

फिजिओवालीने हात हातात घेतला आणि कपाळाला आठ्या. "व्यायाम थांबवलात का, काका?"

"छे! दोनदा करतो आता. संध्याकाळीसुद्धा, पाचला. तिला आता निवांतपणा मिळतो ना."

"मग काय बदललं?"

"काही नाही. उलट सगळं छान झालंय," म्हटलं. ती म्हणाली, कधी कधी गाडी मागे येते, पुढच्या आठवड्यात बघू.

१८ मार्च, बुधवार

मागेच येतेय. बोट धरलं नाही. जेवण निम्म्यावर. मुलीचा फोन होता, ती दुसऱ्या गावी असते, रोज पाचला मी फोन बाईसमोर टेकवून स्वयंपाकघरात जातो आणि ती आईचं तोंड बघते. म्हणाली, "बाबा, आई पाचच्या फोनला किती हसायची. मागे पोरांचा गलका असायचा."

"हसायची नाही, तोंड वाकडं होतं तिचं. झटक्याने."

"बाबा, मला आईचं हसू कळत नाही का?"

फोन ठेवून दिला. उगाच तापलो तिच्यावर. बाई आता भिंतीकडे तोंड करून झोपते. खिडकीकडे वळवली तर डोळे मिटून घेते.

२४ मार्च, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

बाईचे दोन गाऊन पुढून उघडे करायला शिंपिणीकडे दिले होते. भोंगा ते घेऊन आली. माझ्या हातात पिशवी दिली आणि मी काही म्हणायच्या आत पलंगापाशी गेली.

"आजी, ब्याण्णववर राहिलंय," म्हणाली. "ट्रक आला ना त्या दिवशी. माझ्यावर राज्य होतं. आठ राहिलेत."

मी म्हटलं, "काय आठ?"

"आकडे." माझ्याकडे बघून घाबरली. "तुम्ही बोंबलून मोजू नका म्हणालात ना. म्हणून मग आजी मोजायच्या. आम्ही गजाला डोकं लावून डोळे मिटायचं आणि आजी टक् टक् करायच्या. शंभर झाले की थांबायच्या. आजी चीटिंग करत नाहीत, म्हणून सगळ्यांना चालायचं. एकदा मी सत्त्याण्णवला पळाले तर त्यांनी जोरात तीन वाजवले. मला परत यावं लागलं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? असं करायला?"

"आजींनीच. तुम्ही मला रागावलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मनात मोजत होते, तर आतून टक् टक् यायला लागलं. पहिल्यांदा तर वीसच्या पुढे जमतच नव्हतं त्यांना. आम्ही थांबायचो."

पोरगी गेल्यावर मी बाईकडे वळलो. तिचं तोंड भिजलं होतं. उजवा हात चादरीवरून दोन बोटं सरकला आणि तिथेच राहिला. गजापर्यंत पोचला नाही.

वहीची मागची पानं काढून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. ५.१२ ला सुरू, ५.१४ ला बंद, लगेच पळापळ. मिनिट न मिनिट बरोबर. गाढवा, गाढवा, गाढवा.

२५ मार्च, बुधवार

कचेरीत गेलो. बोर्ड काढा म्हटलं. कारकुनाला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाला, "आदेश रद्द करायचा तर कारण लागेल. पोरं खेळत नाहीत याचा काय त्रास होतो, ते तारीख-वार लिहून आणा. महिनाभराची नोंद आणा."

काय लिहू? ५.१०, शांतता. ५.२५, शांतता. ५.४०, शांतता.

येताना कुठूनतरी एक रिकामा डबा मिळवून गल्लीच्या तोंडाशी ठेवला. वीस मिनिटांत एक मोटरवाला खाली उतरला, लाथ घातली, निघून गेला.

२७ मार्च, शुक्रवार

शिंपिणीचा जिना चढलो. मशीन थांबवून उभी राहिली, बसा म्हणाली, पण बसायला जागा नव्हती. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पलंगाखाली कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये भोंगा पालथी पडून मोबाइल बघत होती.

"मी चुकलो, ताई," म्हटलं. "पोरांना खाली पाठवा. बोर्डाकडे बघू नका, कुणी आलं तर मी बोलेन."

तिने माझा पाणउतारा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही आता हो म्हणाल, पण त्या गाड्यांना कोण सांगणार? परवा दूध घेऊन येणाऱ्या बाईला आरसा लागून गेला. तेव्हा पोरं होती म्हणून गाड्या घाबरून यायच्या. आता त्यांची भीड मोडली. आता मीच सोडणार नाही हिला."

"मग घरात तरी पाठवा. आमच्याकडे. आजीपाशी."

त्याला लगेच हो म्हणाली. माझ्यासाठी नाही, बाईसाठी.

२८ मार्च, शनिवार

भोंगा पाचला आली. पलंगाशी उभी राहिली, डोळ्यांवर हात घेतले, म्हणाली, "आजी, मोजा." बाईने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरून गाड्या जात होत्या. लपलेलं कुणी नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं. लहान मुलासारखं फसवता येत नाही तिला. गज वाजला नाही तशी पोरगी हात काढून म्हणाली, "आजोबा, शोधायला कुणी नाही तर मोजून काय करायचं?" बिस्किट दिलं तेही घेतलं नाही. सोमवारपासून पाच ते सात क्लास लावलाय म्हणाली.

३० मार्च, सोमवार

ते लिहून टाकतो. एकवीस वर्षं झाली.

गाडी भरलेली होती, घरांच्या मधला रस्ता. शाळेचा एक घोळका मागे चढला होता, आणि त्यातलं एक कार्टं सारखं घंटीची दोरी ओढत होतं. बाई रागवायची, ते पुन्हा ओढायचं. मग घंटी सलग वाजायला लागली. मला वाटलं, पुन्हा तेच कार्टं, खेळतंय. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. एक, दोन एवढंच म्हणायला लागेल, तेवढा वेळ. मग बाई ओरडली आणि मी ब्रेक मारला. डाव्या बाजूने चेंडूमागे आलेला मुलगा मागच्या चाकाखाली गेला. बाईने तो दारातून पाहिला होता. सहा वर्षांचा होता. वाचला नाही.

चौकशीत तिने स्वतःवर घेऊन लिहून दिलं, "घंटी मीच उशिरा मारली." तिच्या नावावर ठपका बसला, बढती गेली. माझ्या कागदावर 'चालकाचा दोष नाही'. त्यावर आम्ही घरात एक शब्द कधी बोललो नाही. मी मात्र तेव्हापासून रस्त्यात पोर दिसलं की त्याच्या आईबापांना शिव्या घालत आलो. कुणाला तरी घालायला हव्यात ना.

तेव्हा ती धोका आहे म्हणून वाजवत होती आणि मला खेळ वाटला. आता ती खेळत होती आणि मला धोका वाटला. आयुष्यात दोनदा तिने सलग घंटी वाजवली, दोन्ही वेळा मला ऐकता आली नाही. आज हे सगळं तिला वाचून दाखवलं. ऐकलं तिने. डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती.

१ एप्रिल, बुधवार

फिजिओवाली म्हणाली, आठवड्यातून एकदा यायची तशी आता गरज नाही, महिन्यातून एकदा येईन. मी विचारलं, स्वतःच्या हाताने जेवेल का. ती पिशवी आवरत बसली.

२ एप्रिल, गुरुवार

आज पाचला बाईला खिडकीकडे वळवलं, हात उचलून गजावर ठेवला आणि बाहेर गेलो. रस्त्यात उभा राहून आमच्याच खिडकीच्या गजांना कपाळ टेकलं. लोखंड तापलेलं होतं. बाईचं तोंड वीतभर अंतरावर.

"बाई," म्हटलं, "राज्य माझ्यावर आहे. आठ राहिलेत. मोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. एवढ्यात वरून आवाज आला, "आजोबा, डोळे मिटा! उघडे ठेवले तर चीटिंग!" भोंगा क्लासला गेली नव्हती, गॅलरीच्या कठड्याला लटकून बघत होती. चौदा खिडक्यांतून अजून कोण कोण बघत होतं, मी पाहिलं नाही. डोळे मिटले.

पाठीमागून गाड्या जात होत्या, वारा पायजम्याला लागत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही, यावेळी घड्याळ लावलं नव्हतं. मग कपाळाला गज थरथरल्यासारखा वाटला आणि आवाज आला. टक्.

एक.

मी थांबलो. एकतीस वर्षं एका घंटीवर थांबलो आणि दोन वाजल्याशिवाय गाडी हलवली नाही. मागे एकाने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. "ओ आजोबा, व्हा ना बाजूला! मरायचंय का?" झालो नाही. त्याला वळसा घालून जावं लागलं, आणि त्याच्या मागच्यालाही, आणि गल्लीतून सगळ्या गाड्या हळू जायला लागल्या. शिंपिणीने वरून पोरीला आत बोलावलं, ती गेली नाही, तेही मला ऐकू आलं. दिवे लागेपर्यंत तसाच उभा होतो.

दुसरी घंटी झाली नाही. आत आलो तेव्हा तिचा हात गजावरून घसरून चादरीवर पडला होता. मी तो उचलून दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, उद्या पाचला पुन्हा उभा राहतो. सात राहिलेत.